जिथे गाईचा श्वास मोजतात

इंग्लंड संपून स्कॉटलंड सुरू होते त्या सीमेजवळ कार्लाइल नावाचे शहर आहे. तिथून ग्लासगोला जाणाऱ्या काही गाड्या सरळ उत्तरेची वाट न धरता पश्चिमेकडून वळसा घालून जातात. अशा गाडीत बसले की पाऊण तासाच्या आत डम्फ्रिस येते. तांबड्या वालुकाश्मात बांधलेली घरे, मधून वाहणारी निथ नदी, नदीवर पंधराव्या शतकातला दगडी पूल, आणि गाव ओलांडताच दोन्ही बाजूंना गवत. स्कॉटलंड म्हटले की उंच डोंगर, धुके आणि घागऱ्यासारखा किल्ट नेसून वाद्य फुंकणारे पुरुष डोळ्यांपुढे येतात. डम्फ्रिसचा मुलूख तसा नाही. सखल, ओलसर आणि हिरवागार. समुद्राचे वारे हिवाळा फार कडक होऊ देत नाहीत, उन्हाळा नावापुरता, पाऊस मात्र बाराही महिने थोडाथोडा. अशा हवेत गवत जोमाने येते. जिथे गवत तिथे गाय, आणि जिथे गाय तिथे दूध. हा भाग स्कॉटलंडचा दुधाचा मुलूख आहे.

इथली एक जात पाहण्यासारखी आहे. अंगाने काळी, आणि पोटाभोवती शेला गुंडाळावा तसा रुंद पांढरा पट्टा. तिला 'बेल्टेड गॅलोवे' म्हणतात. ही मांसासाठी पाळतात. दुधाची गाय म्हणजे आपल्याही ओळखीची काळी-पांढरी होल्स्टीन.

या गावात कवी रॉबर्ट बर्न्स याची समाधी आहे. तो हाडाचा शेतकरी. जवळच एलिसलँड येथे त्याने १७८८ मध्ये खंडाने शेत घेतले. जमीन दगडगोट्यांची निघाली, हाती काही लागेना. तीन वर्षांनी शेत सोडून तो गावात राहायला आला, अबकारी खात्यात नोकरी करीत राहिला आणि १७९६ मध्ये वारला. आज त्याच्या नावाने जगभर मेजवान्या होतात. शेताने ज्याला पोसले नाही त्याला गाण्याने अमर केले, असे म्हणावे तर त्या बिचाऱ्याला त्याचा काय उपयोग झाला, हाही प्रश्न आहेच. पण आपल्याला जायचे आहे ते बर्न्सच्या समाधीकडे नव्हे. गावाच्या कडेला क्रायटन नावाचे मोठे आवार आहे, तिकडे.

क्रायटनची कथा आपल्या देशापासून सुरू होते. जेम्स क्रायटन नावाचा एक डॉक्टर कंपनी सरकारच्या काळात हिंदुस्थानात आला. डॉक्टरी आणि पूर्वेकडचा व्यापार यांतून त्याने अमाप पैसा मिळवला आणि मायदेशी परतून डम्फ्रिसजवळ इस्टेट घेतली. १८२३ मध्ये तो वारला. मागे राहिलेला पैसा धर्मकार्याला लावायचा होता. त्याच्या विधवा पत्नीच्या, एलिझाबेथच्या मनात होते गावात विद्यापीठ काढावे. ते काही जमले नाही. शेवटी त्या पैशातून मनोरुग्णांसाठी इस्पितळ उभे राहिले आणि १८३९ मध्ये तिथे रुग्ण येऊ लागले. पुढे इस्पितळाला शेती जोडली गेली. मोकळ्या हवेत काम केले की रुग्णाचे मन ताळ्यावर येते, अशी तिथल्या डॉक्टरांची समजूत होती आणि ती काही चुकीची म्हणता येणार नाही. दीडशेहून अधिक वर्षांनी त्याच आवारात ग्लासगो विद्यापीठाची शाखा आली, म्हणजे एलिझाबेथबाईंची इच्छा उशिरा का होईना पुरी झाली. आणि इस्पितळाची शेती? ती झाली गाईंच्या संशोधनाचे केंद्र.

या शेताचे नाव क्रायटन रॉयल फार्म. आज ते स्कॉटलंडच्या ग्रामीण महाविद्यालयाकडे आहे. इथल्या गाईंचा कळप नामांकित आहे. १९७० च्या दशकात एडिनबर्गजवळ लँगहिल येथे त्याची सुरुवात झाली आणि या शतकाच्या आरंभी तो क्रायटनला आणला गेला. या कळपात दोन घराणी वेगळी राखली आहेत. एका घराण्याला दरवेळी देशातल्या उत्तमोत्तम वळूंचे रेतन, दुसऱ्याला सरासरी प्रतीच्या वळूंचे. खाण्याच्याही दोन तऱ्हा ठेवल्या. मग कोण किती खाते, किती दूध देते, कधी माजावर येते, कधी लंगडते, याची नोंद वर्षानुवर्षे. आपल्याकडे म्हाताऱ्या आजीला प्रत्येक गाईची पणजी आठवते. तसेच हे, फक्त वहीत लिहिलेले.

याच शेतावर गाईच्या श्वासावर लेसरचा किरण धरून त्यातला वायू मोजण्याचे काम झाले.

आता गाईच्या श्वासात मोजण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. ज्यांच्या घरी गोबर गॅसची शेगडी आहे त्यांना उत्तर रोज दिसते. त्या शेगडीवर निळ्या ज्योतीने जळणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक भाग मिथेन असतो. टाकीत शेण कुजवणारे जे सूक्ष्म जीव असतात, त्यांचेच भाऊबंद गाईच्या कोटीपोटात राहतात. गाय कडबा खाते, पण कडबा पचवते कोण? हे जीव. त्यांच्यावाचून गवताचे दूध झालेच नसते. मात्र या पचनात मिथेन तयार होतो. तो पोटात साठला तर पोट फुगेल, म्हणून गाय ढेकर देऊन त्याला बाहेर टाकते. बहुतेक सारा मिथेन असा तोंडानाकावाटे जातो, शेपटीकडून फारच थोडा. शहरातली मंडळी याबाबत उगाच विनोद करतात, आणि तोही चुकीच्या टोकाचा.

दुधाची मोठी गाय दिवसाला साधारण २५० ते ५०० लिटर मिथेन सोडते. हिशेब करून पाहा. दोन घनमीटरच्या गोबर गॅस टाकीवर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. त्या टाकीत दिवसभरात जेवढा मिथेन निघतो, तेवढाच मिथेन अशा तीन-चार गाई नुसत्या ढेकरांतून हवेत सोडतात. म्हणजे एका घराची चूल रोज वाऱ्यावर जाते. तो वायू काही फुकटचा नव्हे. गाईने खाल्लेल्या चाऱ्यातली २ ते १२ टक्के शक्ती या वाटेने निसटते. वैरण विकत घेणाऱ्याने हा आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. चारा जितका निकस आणि काडीदार, तितकी गळती साधारणपणे जास्त.

दुसरी बाजू हवामानाची. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षे टिकतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो. हवेत तो आहे तरी किती? दहा लाख भागांत दोन भागसुद्धा नाही. तीस-पस्तीस किलो ज्वारीत साधारण दहा लाख दाणे येतात. तेवढ्या पोत्यात बाजरीचे दोन दाणे मिसळा आणि मग ते शोधायला बसा, म्हणजे मोजणाऱ्याची अडचण कळेल.

पूर्वी हे मोजत कसे? गाईला हवाबंद खोलीत ठेवत. एका बाजूने मोजून हवा आत, दुसऱ्या बाजूने मोजून बाहेर, आणि फरक तो गाईचा. ही पद्धत अजूनही सर्वांत खात्रीची मानतात. पण खोलीला खर्च फार, एका वेळी एक-दोन गाई, आणि कळपातून काढून एकटी कोंडलेली गाय खाणेपिणे कमी करते. मग जे मोजले ते गाईचे की तिच्या धास्तीचे? १९९४ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दुसरी युक्ती प्रसिद्ध केली. ठराविक वेगाने एक ओळखीचा वायू सोडणारी छोटी नळी गाईच्या पोटात ठेवायची, गळ्यात रिकामी डबी बांधायची आणि नाकाजवळची हवा त्या डबीत दिवसभर थोडीथोडी ओढून घ्यायची. मग दोन वायूंच्या प्रमाणावरून मिथेन काढायचा. गाय मोकळी चरू शकते. गंमत अशी, की त्यासाठी जो सल्फर हेक्झाफ्लोराइड वायू वापरतात तो उष्णता अडवण्यात मिथेनच्या शेकडो पट पुढे आहे. असतो मात्र अगदी कणभर.

लेसरची कल्पना गोठ्यातून आलीच नाही. जपानमध्ये टोकियो गॅस कंपनीच्या मंडळींनी जमिनीखालच्या नळातून गळणारा वायू दुरून ओळखण्यासाठी हातात धरायचे यंत्र तयार केले होते. नळातल्या नैसर्गिक वायूत मुख्यत्वे मिथेनच. नळातली गळती दिसते तर गाईची का दिसू नये, असा विचार क्रायटनच्या शेतावर मिझेक चगुंडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, आणि २००९ मध्ये त्यांचा दुभत्या गाईंवरचा पहिला लेख छापून आला.

काम दिसायला सोपे. माणूस गाईपासून काही पावलांवर उभा राहतो आणि यंत्राचा रोख तिच्या नाकपुडीवर धरतो. गाय गव्हाणीशी उभी असते किंवा बसून रवंथ करीत असते. तिला टोचत नाही, बांधत नाही, हातसुद्धा लावत नाही. यंत्रातून जो किरण निघतो तो आपल्याला दिसत नाही. नेम धरता यावा म्हणून सोबत एक दिसणारा ठिपका असतो. किरण नाकावर आदळून थोडासा माघारी येतो, आणि वाटेत किती मिथेन भेटला याचा आकडा पाटीवर उमटतो.

न दिसणारा किरण म्हणजे काय, हे समजून घ्यायला डम्फ्रिसहून थोडे पश्चिमेला जावे लागेल. त्या बाजूला अर नदीच्या काठी ग्लेनलेअर नावाची जुनी वाडी आहे. मुख्य घर १९२९ मध्ये जळाले, त्यातला काही भाग नंतर सावरून घेतला. हे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचे घर. लहानपणी शिकायला ते एडिनबर्गला गेले तेव्हा त्यांची खेडवळ बोली आणि घरी शिवलेले कपडे पाहून शाळेतली मुले त्यांना 'येडा' म्हणून चिडवीत. पुढे याच 'येड्या'ने दाखवून दिले की प्रकाश म्हणजे वीज आणि चुंबक यांची मिळून धावणारी लाट आहे. १८६५ मध्ये लंडनची प्राध्यापकी सोडून ते ग्लेनलेअरला परतले, शेतीवाडी पाहू लागले, आणि तिथेच त्यांनी आपल्या मोठ्या ग्रंथाचे बरेचसे लेखन केले. १८७९ मध्ये ते केंब्रिजला वारले, पण त्यांची कबर जवळच्या पार्टन गावात, साध्या चर्चच्या अंगणात आहे.

प्रकाश ही लाट, तर लाटा लांब-आखूड असणारच. माणसाच्या डोळ्याला एका ठराविक लांबीच्याच लाटा दिसतात. तांबड्याच्या पलीकडच्या दिसत नाहीत, पण चुलीपुढे बसले की गालाला लागतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. विल्यम हर्शेल यांनी १८०० मध्ये तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून ते ओळखले. पुढे १८५९ पासून जॉन टिंडाल यांनी लंडनमध्ये प्रयोग करून दाखवले की काही वायू ही उष्णता गिळतात आणि काही सरळ जाऊ देतात.

का गिळतात? झोक्याचे उदाहरण घ्या. झोक्याला त्याच्या लयीत हलका धक्का दिला की तो उंच जातो. भलत्याच वेळी दिलेला धक्का वाया. मिथेनचा कण म्हणजे एक कार्बन आणि त्याला चिकटलेले चार हायड्रोजन. हे पाचही जण सतत थरथरत असतात आणि त्यांची लय ठरलेली असते. त्या लयीचा किरण आला की कण तो पिऊन टाकतो. साध्या दिव्यात शेकडो लयी मिसळलेल्या असतात. लेसरचा गुण असा, की तो जवळजवळ एकाच लयीचा असतो. या यंत्रातला लेसर सुमारे १.६५ मायक्रॉन लांबीच्या लाटा सोडतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. विजेचा प्रवाह किंचित कमीजास्त करून ही लांबी केसभर इकडेतिकडे सरकवता येते. रेडिओवर केंद्र लावताना आपण बटण हळूहळू फिरवतो, तसेच. फरक एवढाच, की इथे केंद्र लागले की आवाज येत नाही, प्रकाश हरवतो. जितका हरवला तितका मिथेन. शेजारच्या लांबीवर प्रकाश शाबूत असतो, म्हणून धूळ किंवा गाईचे काळे-पांढरे नाक यांमुळे घोटाळा होत नाही.

मंगळावर २०१२ मध्ये उतरलेल्या अमेरिकेच्या 'क्युरिऑसिटी' गाडीतही अशाच जातीचा लेसर आहे. तिथली हवा एका डबीत घेऊन ती तपासते. तिला कधीकधी मिथेनचा अगदी सूक्ष्म अंश सापडला, पण मंगळाभोवती फिरणाऱ्या युरोप-रशियाच्या यानाला तो दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही. तिथे विचारायला गायही नाही.

पुन्हा डम्फ्रिसला येऊ. यंत्र चांगले, पण ते काय सांगते आणि काय सांगत नाही हे पाहायलाच हवे. गाय मिनिटाला एखादी ढेकर देते. त्या क्षणी आकडा एकदम चढतो आणि पुन्हा खाली येतो. म्हणून काही मिनिटे सलग मोजावे लागते. रवंथ करताना एक आकडा, नुसती उभी असताना दुसरा, चारा खाताना तिसरा. गाय मान वळवते, माशी उडवते. वारा सुटला की श्वास वाहून जातो. सॉल्वेच्या खाडीवरून वारा तर नेहमीचाच. शिवाय यंत्र दाखवते ते किरणाच्या वाटेवरचे मिथेन. त्यावरून दिवसाला किती ग्रॅम, हे काढायचे तर गाय एका श्वासात किती हवा घेते याचा अंदाज धरावा लागतो. लेसरचे आकडे आणि हवाबंद खोलीचे आकडे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा चढउतार बऱ्यापैकी जुळले. २०११ मध्ये ती तुलना प्रसिद्ध झाली. पण तंतोतंत नव्हे. माझ्या मते या किरणाचा खरा उपयोग एका गाईच्या नावावर पक्का आकडा चिकटवण्यात नाही. या कळपात कोणती गाय जास्त सोडते, कोणता चारा घातल्यावर कमी सोडते, हे पडताळण्यात आहे. तेवढे तो गाईला न शिवता करतो, हे काही लहान काम नाही.

आता मुद्दा पैशाचा. न्यूझीलंडमध्ये २००३ मध्ये सरकारने जनावरांच्या वायूवर पट्टी बसवायचे मनात आणले. शेतकरी खवळले, एक खासदार तर ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढला. पट्टी बारगळली. २०२२ मध्ये पुन्हा तसाच प्रस्ताव आला आणि सरकार बदलल्यावर २०२४ मध्ये तोही मागे घेतला गेला. डेन्मार्कने मात्र २०२४ मध्ये ठरवून टाकले, की २०३० पासून जनावरांच्या वायूवर कर घ्यायचा. असा कर प्रत्येक गाईचा श्वास मोजून बसत नाही. डोकी मोजून, तक्त्यावरून बसतो. तक्त्यातला आकडा कोणाच्या गाईवरून काढला? क्रायटनसारख्या ठिकाणी जी मोजणी होते, तिच्यावरच हे तक्ते शेवटी उभे राहतात. ज्या देशातल्या जनावरांची मोजणीच झाली नाही, त्याच्या पदरी दुसऱ्याचा आकडा पडतो.

मोजायचे कशात, हाही प्रश्न आहे. क्रायटनच्या कळपात उत्तम वळूंच्या घराण्यातली, खुराक जास्त खाणारी गाय दर लिटर दुधामागे कमी मिथेन सोडते असे आढळले. साहजिक आहे, दूध जास्त म्हणून वाटणी कमी. पण त्याच कळपाच्या नोंदींत असेही दिसले, की जास्त दुधाच्या घराण्यात गाभण राहण्याच्या आणि दुखण्याखुपण्याच्या तक्रारी अधिक. लिटरमागचा आकडा हे सांगत नाही. आपल्या चार-पाच लिटरच्या गाईला लिटरमागे मोजले तर ती गुन्हेगार ठरणार. डोक्यामागे मोजले तर ती होल्स्टीनपेक्षा कमी सोडणारी, कारण ती खातेच कमी. आणि बैलाचे काय? तो दूध देत नाही. त्याने केलेली नांगरट, पेरणी आणि दिलेले शेण कोणत्या रकान्यात लिहायचे? २०२१ मध्ये अनेक देशांनी मिथेन कमी करण्याची जी जागतिक प्रतिज्ञा केली, तिच्यावर भारताने सही केली नाही. लहान शेतकऱ्याची दोन जनावरे ही त्याची पोटापाण्याची गोष्ट आहे, असे आपले म्हणणे. मला ते पटते. पण म्हणून मोजू नये, हे पटत नाही. चाऱ्यातली जी शक्ती वाऱ्यावर जाते, ती आपल्याच खिशातून जाते. बंगळूरच्या पशुपोषण संस्थेने 'हरित धारा' नावाचे खाद्यपूरक तयार केले आहे. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो असे संस्था सांगते. तो आपल्या कडब्यावर, आपल्या उसाच्या वाढ्यावर, आपल्या म्हशीच्या पोटात किती घटतो, हे त्या म्हशीच्या नाकापुढे उभे राहून पाहिल्यावरच कळेल.

ज्यांना कधी ग्लासगोकडे मुलाबाळांना भेटायला जाण्याचा योग येईल त्यांनी एक दिवस डम्फ्रिससाठी काढावा. क्रायटनचे आवार गावाला लागूनच आहे. ग्लेनलेअर आणि पार्टनला मात्र मोटारीनेच जावे लागते. पूर्वी पार्टनला रेल्वे होती, ती १९६५ मध्ये बंद झाली. वाटेत दोन्ही बाजूंना कुरणे लागतात आणि कंबरेला पांढरा पट्टा बांधलेल्या गाई मान वर करून गाडीकडे पाहतात.